एका फेरीचे ९ सेकंद

खाडीवरच्या एका पुलाच्या कामावर मी प्लॅनिंग बघत होते. २४०० ॲक्टिव्हिटींचं शेड्यूल आणि त्याला जोडलेलं रिस्क सिम्युलेशनचं ॲड-इन. प्रत्येक कामाला कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त असे तीन कालावधी द्यायचे. ॲड-इन त्यातून चिठ्ठ्या उचलाव्यात तसे आकडे उचलतं, दर फेरीला सगळं शेड्यूल नव्यानं मांडतं आणि शेवटी सांगतं, की अमुक तारखेपर्यंत काम पुरं व्हायची शक्यता इतके टक्के. एका संध्याकाळी ५००० फेऱ्या लावून मी घरी गेले. सकाळी येऊन बघते तर ३१००व्या फेरीवर मशीन गोठलेलं. दहाला क्लायंटची मीटिंग. मी मागच्या तिमाहीचा आलेख घेऊन गेले, आणि त्या जुन्या आलेखावर त्या दिवशी क्रेनचा निर्णय झाला. ते मला आजही खुपतं. त्यानंतरच्या काही महिन्यांत जे शिकले, ते लिहिते आहे.

१. आधी एका फेरीला किती वेळ लागतो ते मोजा.

मी पहिल्यांदा नवा कॉम्प्युटर मागितला. आला, पण फार फरक पडला नाही. मग ॲड-इन बाजूला ठेवून नुसती एफ-९ कळ दाबली. शेड्यूल पुन्हा मांडायला ९ सेकंद लागले. ५००० गुणिले ९ म्हणजे साडेबारा तास. हिशेब तिथेच लागला. अशी बरीच ॲड-इन स्वतः तारखा काढत नाहीत. ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये एकेका कामाचा कालावधी लिहितात, 'आता मांड' म्हणतात आणि उत्तर वाचून घेतात. मूळ शेड्यूलच जड असेल तर ॲड-इन बदलून काही होत नाही. काही प्रोग्रॅम शेड्यूल आपल्याकडे ओढून घेतात आणि स्वतःच्या गणितानं मांडतात. ते खूप वेगानं चालतात, पण त्यांनी काढलेल्या तारखा मूळ शेड्यूलशी जुळतात का, हे एकदा कालावधी न बदलता तपासून घ्यावं.

२. रन लावण्याआधी आवराआवर करा.

फाइल नेटवर्कवरून आपल्या मशीनवर घ्या. ऑटोसेव्ह बंद. अन्डूच्या पायऱ्या कमीत कमी. बारचार्ट उघडा ठेवू नका, नाहीतर दर फेरीला हजारो पट्ट्या पुन्हा रंगवल्या जातात.

यात सगळ्यात महागडं होतं ते आपोआप चालणारं रिसोर्स लेव्हलिंग. ते बंद केलं आणि ९चे ५ सेकंद झाले. पण इथे एक धोका आहे. लेव्हलिंग बंद झालं की सॉफ्टवेअर गर्डर बसवणारा एकच लाँचर दोन गाळ्यांवर एकाच दिवशी उभा करतं, आणि आलेख सुखावणारा येतो. म्हणून जिथे यंत्र एकच आहे तिथे 'हा गाळा झाल्यावर तो गाळा' असा दुवा आम्ही हातानं जोडला. दुपार गेली, पण ती वाया गेली असं मला कधीच वाटलं नाही.

३. कॅलेंडर उघडून बघा.

आमच्या शेड्यूलला १४ कॅलेंडरं होती. त्यातल्या पावसाळ्याच्या कॅलेंडरात कुणीतरी १ जून ते ३० सप्टेंबरचा एकेक दिवस सुट्टी म्हणून वेगळा टाकला होता. वर्षाला १२२, पाच वर्षांच्या ६१० नोंदी. प्रत्येक फेरीत, प्रत्येक कामाची तारीख काढताना त्या चाळल्या जात होत्या. आम्ही दर वर्षाची एकच सलग सुट्टी केली आणि १४ची ३ कॅलेंडरं केली. ५चे साडेतीन सेकंद झाले.

तेव्हा एकानं सुचवलं, की पावसाळाच काढून टाकू आणि कालावधी थोडे वाढवू, म्हणजे आणखी वेग येईल. मी ठाम नाही म्हटलं. कोकणपट्टीत पावसाळा हाच सगळ्यात मोठा धोका आहे. मेच्या शेवटी संपणारं काम तीन आठवडे घसरलं, तर ते तीन आठवडे उशिरा संपत नाही. ते ऑक्टोबरात जातं. आमच्या आलेखाला म्हणूनच दोन उंचवटे होते, एक मेमध्ये आणि एक ऑक्टोबरात. सरासरी तारीख पडत होती ऑगस्टमध्ये, ज्या महिन्यात त्या खाडीत कुणी काम करत नाही. दोन उंचवटे दिसले की सरासरी सांगू नये. पाऊस पडायच्या आत काम संपण्याची शक्यता किती, एवढंच सांगावं.

४. फेऱ्या किती, हे गरजेवरून ठरवा.

१९४६मध्ये आजारपणातून उठताना स्टानिस्लाव उलाम पत्त्यांचा पेशन्स लावत होते. डाव सुटायची शक्यता किती, हे गणितानं काढण्यापेक्षा शंभर डाव लावून मोजावं, असं त्यांच्या मनात आलं. माँटे कार्लो पद्धतीची सुरुवात अशी. त्या पद्धतीचा नियम असा, की चूक निम्मी करायची तर फेऱ्या चौपट कराव्या लागतात. ८० टक्के शक्यतेच्या तारखेपाशी १००० फेऱ्यांत साधारण अडीच टक्के इकडेतिकडे होतं, २०००मध्ये पावणेदोन, ५०००मध्ये एकाहून थोडं जास्त. ज्या फोरमननं कालावधी अंदाजानं सांगितले, त्याच्या आकड्यांवर हा अर्धा-पाऊण टक्का कमावण्यासाठी रात्रभर मशीन चालवण्यात अर्थ नाही. मी चाचणीला ३०० आणि अहवालाला २००० फेऱ्या ठेवते.

५. धोक्यासाठी वेगळं, छोटं शेड्यूल करा.

२४०० ओळी रोजचं काम चालवायला असतात. धोका मोजायला आम्ही त्यांच्या १८० केल्या. यात आठवडा गेला आणि भांडणंही झाली. ओळी कमी करताना समांतर वाटा मात्र एकत्र करायच्या नाहीत. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या दोन वाटा एका ठिकाणी मिळतात आणि प्रत्येकीची वेळेवर पोचायची शक्यता निम्मी आहे, तर दोन्ही वेळेवर पोचायची शक्यता पाव होते. तीन असतील तर आठवा हिस्सा. हे मीलन पुसलं तर सिम्युलेशन भरभर चालेल आणि खोटं सांगेल. १८० ओळींवर एक फेरी ०.३ सेकंदात होऊ लागली. २००० फेऱ्या १० मिनिटांत.

६. एकाच कारणानं रखडणारी कामं एका कारणाला बांधा.

पायलिंगच्या फोरमनना मी विचारलं, "दादा, एका पाइलला किती दिवस?" ते म्हणाले, "मॅडम, खडक नरम लागला तर चार, कडक लागला तर नऊ. पण एकाला कडक लागला की शेजारच्यालाही कडकच लागणार."

आमचं शेड्यूल हे जाणत नव्हतं. एका रिगनं एकापाठोपाठ ४० पाइल. प्रत्येकात २ दिवसांचं मागेपुढे धरलं आणि पाइल एकमेकांशी असंबद्ध मानले, तर एकाचा उशीर दुसरा भरून काढतो आणि एकूण फरक १२-१३ दिवसांचाच दिसतो. सगळे बरोबर हलले तर तो ८० दिवसांचा असतो. खरं उत्तर या दोहोंमध्ये, आणि आमच्या जागी दुसऱ्या टोकाकडे. प्रत्येक जोडीचा सहसंबंध भरायचा तर ७८० आकडे, आणि ॲड-इन त्यातच दमतं. त्याऐवजी आम्ही 'खडकाचा कडकपणा' असा एकच घटक केला आणि ४०ही पाइलच्या कालावधीला त्यानं गुणलं. फेरी हलकी झाली. आलेख मात्र पसरला, आणि पहिल्यांदाच फोरमनच्या बोलण्याशी जुळला.

७. सगळ्या कामांचे निकाल साठवू नका. आम्ही ११ टप्पे निवडले. बाकीचं कुणी वाचतच नव्हतं.

पुढच्या तिमाहीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "दुसरा लाँचर नोव्हेंबरऐवजी सप्टेंबरात आणला तर?" पूर्वी मी "उद्या सांगते" म्हटलं असतं, आणि तोवर निर्णय होऊन गेला असता. त्या दिवशी चहा यायच्या आत रन लावला. पावसाआधी काम संपायची शक्यता ३४ टक्क्यांवरून ५७ झाली होती. लाँचर सप्टेंबरात आला.

तुमचाही रन रात्रभर चालत असेल, तर नवं मशीन मागण्याआधी उद्या ऑफिसात गेल्या गेल्या ॲड-इन बंद करा, एफ-९ दाबा आणि किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा.