उतारावरचं घर : जागा सपाट करायची की घराला पायऱ्या द्यायच्या?



चौथीच्या वर्गात घरांचे प्रकार शिकवताना मी मुलांना विचारलं, "समुद्राजवळ डोंगरउतारावर घर बांधायचंय. आधी काय कराल?" जवळजवळ सगळे ओरडले, "जेसीबी लावून जागा सपाट करू!" मुलांचं काय चुकलं? कोकणात ती रोज तेच बघतात.

मग एक प्रयोग केला. दोन ट्रेमध्ये ओल्या मातीचा उतार केला. पहिल्यात उतार उभा कापून खाली काडेपेटी ठेवली. दुसऱ्यात दोन बुटक्या पायऱ्या करून, त्यांना खड्यांचा आधार देऊन दोन काडेपेट्या ठेवल्या. दोन्हींवर झारीने पाणी घातलं. थोड्याच वेळात पहिली काडेपेटी मातीखाली गेली. वर्ग एकदम शांत झाला.

असं का होतं? मुरलेल्या पाण्याने माती जड होते आणि तिच्या कणांची पकड सुटते. उभ्या कापलेल्या बाजूला आधारच नसतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत!

आजचं घर बांधतानाही या गोष्टी पाळता येतात :

१. उताराप्रमाणे घराचे दोन-तीन टप्पे करावेत. ओटी वर, स्वयंपाकघर दोन पायऱ्या खाली, असं चालतं.
२. घराच्या वरच्या बाजूला चर खणून पाणी बाजूने काढून द्यावं. जुना व्हाळ कधीच बुजवू नये.
३. संरक्षक भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवावीत. आपल्या जुन्या गडग्यांत चुना-सिमेंट नसतं, म्हणून पाणी फटींतून निघून जातं.
४. छप्पर उतरतं आणि भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं असावं. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूला पडवी असली की भिंती कोरड्या राहतात.
५. समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात, म्हणजे दमट हवा कोंडत नाही.
६. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. सळईवर काँक्रीटचं पुरेसं आवरण हवंच.

जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, कितीतरी माणसं गेली. प्रत्येक दरडीचं कारण वेगळं असतं, पण पाणी आणि उतार यांचं नातं मुलांना कळायलाच हवं.

गृहपाठ : पाऊस पडताना मुलांसोबत पडवीत उभे राहा. पागोळ्यांचं पाणी कुठून कुठे जातं, त्याचं चित्र काढायला सांगा. उद्या हीच मुलं घरं बांधणार आहेत!