शिवलेलं जहाज : अजिंठ्याच्या चित्रातून मस्कतच्या बंदरात



होडी म्हटलं की आपल्या सेनगाव तालुक्यातल्या मुलांना येलदरी धरणातली होडी आठवते, नाहीतर पावसाळ्यात ओढ्यात सोडलेली कागदाची. समुद्र आपल्यापासून रस्त्याने पाचशे किलोमीटरहून लांब. म्हणून पुस्तकात जहाज, शीड, खलाशी हे शब्द आले की वर्गात कुणीतरी म्हणतंच, "ते कोकणातल्या पोरांचं, आपलं काय त्यात?" या पाठात आपण एका जहाजाची माहिती घेऊ. ती वाचून झाली की या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या.

या जहाजाचं नाव आहे 'आयएनएसव्ही कौंडिण्य'. ते भारतीय नौदलाचं आहे. त्याला इंजिन नाही आणि त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, तर दोरीने शिवलेल्या आहेत. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते गुजरातमधल्या पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ रोजी ओमान देशातल्या मस्कतला पोहोचलं.

चित्रातलं जहाज

कौंडिण्यचा नमुना कुठून घेतला? आपल्या मराठवाड्यातल्या अजिंठ्याच्या लेण्यांतून. तिथल्या भिंतींवर इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत जहाजं रंगवलेली आहेत. त्या काळी या भागावर वाकाटक राजांचं राज्य होतं. त्यांच्या एका शाखेची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. आपल्या तालुक्याला लागूनच असलेला जिल्हा! म्हणजे समुद्रापासून एवढ्या आत राहणाऱ्या लोकांनाही जहाज माहीत होतं. डेक्कनच्या पठारावरचा माल बैलांच्या पाठीवरून, गाड्यांतून घाट उतरून बंदरात जायचा आणि तिथून परदेशी.

पण चित्रावरून जहाज बांधणं सोपं नाही. चित्रात लांबी-उंची दिसते, खोली दिसत नाही. आतली बांधणी दिसत नाही. त्या काळातला एकही नकाशा उरलेला नाही. मग नौदलाने जहाजाचा आराखडा नव्याने तयार केला. आयआयटी मद्रासमध्ये त्याची लहान प्रतिकृती पाण्यात तपासून पाहिली. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली एक जहाज बांधणारी कंपनी यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली काम चाललं. २१ मे २०२५ रोजी कारवार इथे जहाज नौदलात दाखल झालं.

कौंडिण्य हे नाव एका प्राचीन भारतीय दर्यावर्दीचं आहे. तो समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेला, अशी कथा आहे.

जहाज शिवतात कसं?

सुई-दोऱ्याचं काम आपल्या भागाला नवं नाही. संत नामदेवांचं घराणं शिंप्याचं आणि त्यांची नर्सी आपल्या शेजारीच. पण इथे कापडाऐवजी लाकडाच्या जाड फळ्या असतात.

१. फळ्यांना हवा तसा बाक देतात आणि कडेला कड लावून बसवतात.
२. दोन्ही फळ्यांच्या कडांजवळ समोरासमोर भोकं पाडतात.
३. सांध्यावर नारळाच्या काथ्याचा थर ठेवून काथ्याच्या दोरीने घट्ट टाके घालतात.
४. भोकं आणि फटी बुजवून वरून राळेसारख्या नैसर्गिक पदार्थाचा लेप देतात. त्यामुळे पाणी आत येत नाही.

खिळे का नाहीत? एक तर खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शिवलेला सांधा थोडा लवतो. लाट आदळली किंवा तळ वाळूला घासला तर जहाज तो मार अंगावर पसरवून घेतं. चौदाव्या शतकात भारतात आलेला प्रवासी इब्न बतूता यानेही शिवलेल्या जहाजांचा हा गुण लिहून ठेवला आहे.

आपला पाऊस आणि त्यांचं शीड

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कौंडिण्यची शिडं चौकोनी आहेत आणि आजच्यासारख्या सुकाणूऐवजी मोठी वल्ही आहेत. अशा जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. मग डिसेंबरच का निवडला?

जून ते सप्टेंबर वारा अरबी समुद्राकडून जमिनीकडे येतो. हाच नैर्ऋत्य मोसमी वारा. साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो उलटा, म्हणजे ईशान्येकडून समुद्राकडे वाहतो. जुने व्यापारी हिवाळ्यात या वाऱ्यावर अरबस्तानाकडे, आफ्रिकेकडे जायचे आणि वारा फिरला की परत यायचे. 'मान्सून' हा शब्द अरबी 'मौसिम' वरून आला आहे. आपण 'मोसम' म्हणतो तोच हा शब्द.

आपले आई-बाबा जूनमध्ये आभाळाकडे बघत सोयाबीनच्या पेरणीसाठी ज्या वाऱ्याची वाट बघतात, त्याच वाऱ्याची वाट शेकडो वर्षं खलाशी बघत होते. शेतकरी आणि खलाशी, दोघांचं पंचांग एकच!

सोबतीचा प्रवास

पोरबंदर ते मस्कत हे अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. कमांडर विकास शेओरान जहाजाचे कप्तान होते. नौदलाचे अधिकारी आणि खलाशी सोबत होते. या प्रकल्पाची कल्पना मांडणारे अर्थतज्ज्ञ संजीव सान्याल हेही जहाजावर होते. वारा पडला की जहाज जागच्या जागी डुलतं, वारा वाढला की शीड सावरायला सगळ्यांचे हात लागतात. कुणी दोर ओढायचा, कुणी वल्हं धरायचं, कुणी रात्री जागं राहायचं. एकाने आळस केला तर त्रास सगळ्यांना होतो. सहलीला जाताना आपण मित्र निवडतो. समुद्रात सोबत असलेला प्रत्येक जण मित्र व्हावाच लागतो.

हातातली विद्या

जहाज शिवणारे कारागीर आज फार थोडे उरले आहेत. ही विद्या पुस्तकात नव्हती, हातात होती. बापाने लेकाला दाखवली म्हणून टिकली. जिथे दाखवणारा किंवा शिकणारा उरला नाही, तिथे संपली. आपल्या गावातही असंच आहे. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणं, अंबाडीच्या वाखाचा दोर वळणं, बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणं. या गोष्टी येणारे किती जण उरलेत? अजिंठ्याच्या चित्रकाराने जहाज रंगवून ठेवलं म्हणून पंधराशे वर्षांनी ते पुन्हा बांधता आलं. आपल्या आजीच्या वाकळीचं चित्र कोण काढून ठेवणार?

करून पाहू

१. जहाज १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद आहे. शाळेच्या मैदानावर टेपने मोजून चुन्याने त्याची आकृती आखा. अठरा जण आत उभे राहा. इथेच झोपायचं, इथेच जेवायचं, असे दोन आठवडे काढायचे आहेत अशी कल्पना करा.
२. पुठ्ठ्याचे दोन तुकडे सुतळीने शिवा, दुसरे दोन स्टेपलर पिनने जोडा. दोन्ही हळूहळू वाकवा. आधी काय सुटलं ते वहीत लिहा.
३. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला येणारं एक हातकाम बघा. त्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा, चित्र काढा आणि ती वही शाळेत जपून ठेवा.

स्वाध्याय

१. शिवलेलं जहाज लाटांचा मार कसा सहन करतं?
२. जुलै महिन्यात पोरबंदरहून मस्कतला शिडाच्या जहाजाने जाणं अवघड का?
३. १,४०० किलोमीटरला १६ दिवस लागले असं धरून दिवसाची आणि तासाची सरासरी काढा. माणूस तासाला साधारण ४ ते ५ किलोमीटर चालतो. काय लक्षात आलं?
४. "समुद्राचं आपल्याला काय?" या प्रश्नाला आठ-दहा ओळींत उत्तर लिहा. वाशीम, अजिंठा आणि सोयाबीन हे तीन शब्द उत्तरात आलेच पाहिजेत.