घराला सांगून घेतलेला वेळ

अंबड,
रथसप्तमी

चि. सौ. ताईस,


ट्रेडमिल घेऊ नकोस. हप्त्यावर मिळतंय आणि जावईबापूही तयार आहेत, हे तुझ्या पत्रावरून कळलं. साखर काठावर आली आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुला घाई झाली, तेही समजण्यासारखं आहे. पण तुझी अडचण यंत्राची नाही. पहाटे उठून डबे, पोरांची शाळा, सासूबाईंचा चहा आणि गोळ्या, मग जालना स्टेशन गाठून परतूरची गाडी. दिवसभर बँकेतली खुर्ची, संध्याकाळी परतीची गाडी आणि घरात पाऊल टाकलं की ओट्यापाशी. या दिवसात ट्रेडमिलला एक कोपरा मिळेल, पण त्यावर चढायला तुला कोण मोकळं करणार?

शाळेत खेळ शिकवण्यात माझी नोकरी गेली. परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातला कोणता तास सगळ्यात आधी जातो, हे मला पक्कं माहीत आहे. खेळाचा तास गणिताला दिला तर कुणी विचारत नाही आणि मुलींचा दिला तर मुळीच नाही. त्या मुली मोठ्या होतात, नोकरीला लागतात, संसार करतात, आणि त्यांचा स्वतःचा तास असाच न विचारता कुणाला तरी देऊन टाकला जातो. बहुतेक वेळा त्या स्वतःच तो देऊन टाकतात. म्हणून माझं पहिलं सांगणं व्यायामाबद्दल नाही, घराबद्दल आहे. तुझा वेळ घरात सगळ्यांसमोर सांगून घे.

येत्या रविवारी जेवणं झाली की सगळ्यांना बसव. सासूबाई, जावईबापू, दोन्ही मुलं. त्यांना सांग, सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहा ते सहा वीस मी गच्चीवर असेन, त्या वेळात मला हाक मारायची नाही. मग कामं वाटून दे. जावईबापूंची सेकंड शिफ्ट असेल त्या आठवड्यात सकाळचा चहा आणि मुलांच्या पाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडे. फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा ते दुपारीच घरी येतात, तर संध्याकाळची भाजी निवडून, कणीक मळून ठेवणं त्यांच्याकडे, आणि तुझा भार तेवढा हलका. थोरला आता सातवीत आहे, त्याला स्वतःचं दप्तर भरता येतं. हे सगळं मागताना आवाज खाली नेऊ नकोस. कारखान्यात शिफ्ट बदलायच्या वेळी कुणी संकोचत नाही, तसा तूही करू नकोस. लपूनछपून केलेला व्यायाम पहिल्या पाहुण्यापर्यंत टिकतो. घराला ठाऊक असलेला व्यायाम पाहुणे आले तरी होतो, कारण तेव्हा चहा कुणी टाकायचा हे ठरलेलं असतं.

तू लिहिलंस की मी आळशी आहे का असं वाटायला लागतं. तो विचार डोक्यातून काढ. जगभरच्या आकडेवारीचा एक मोठा अभ्यास २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. त्यातला २०२२ सालचा भारताचा अंदाज असा, की पुरेशी हालचाल न करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के आणि बायकांचं ५७ टक्के. निम्म्याहून जास्त बायका एकदम आळशी निघाल्या असं कोण म्हणेल? त्यांना जागा नाही, वेळ नाही आणि ‘जा, करून ये’ म्हणणारं माणूस नाही. आपल्या भागाचंच बघ. गावोगाव पोरांसाठी तालीम असते, निदान मारुतीच्या पारामागे लाल मातीचा एखादा हौद तरी असतो. समर्थ रामदासांचं जांब आपल्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यात, १६०८ साली ते तिथे जन्मले, आणि बलोपासनेचं नाव काढलं की आपण त्यांचंच नाव घेतो. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची कुस्ती जालन्यात झाली, बाला रफिक शेखने गदा जिंकली, तेव्हा गर्दी कशी लोटली होती ते तू पाहिलं आहेस. पण पुरुषांची ही स्पर्धा १९६१ पासूनची आणि बायकांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली २०२३ साली, सांगलीला. प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मधली बासष्ट वर्षं मुलींना कुस्ती नको होती असं नाही, आखाड्याचं दार त्यांना कुणी उघडलं नव्हतं. तेव्हा तुझ्या वाट्याला आलेली ही अडचण तुझ्या स्वभावातली नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं, की घरकाम हाच बाईचा व्यायाम. त्यांच्याशी वाद घालू नकोस, कारण त्यात अर्धं खरं आहे. त्यांनी उमेदीच्या काळात शेंदून पाणी काढलं, जात्यावर दळलं, रानात खुरपलं. त्या वयात त्यांना वेगळ्या व्यायामाची गरज नव्हती. तुझं घरकाम तसं नाही. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटल्याने पाय दुखतात, थकवा येतो, पण दम लागत नाही, आणि हृदयाला लागणारा व्यायाम दमातच असतो. ओळखायची खूण सोपी आहे. काम करताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. भराभर फरशी पुसताना असं होत असेल तर ती मिनिटं खुशाल धर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली नवी शिफारस केली, तेव्हा सलग दहा मिनिटं तरी व्यायाम झालाच पाहिजे ही जुनी अट काढून टाकली. थोडं थोडंही मोजलं जातं.

बसून राहण्याचं काय होतं हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते लंडनच्या बसगाड्यांनी. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली. पगाराचा आणि राहणीचा फार फरक नाही, गाडी तीच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढतउतरत तिकिटं फाडणारा. हृदयविकार कंडक्टरांना कमी होता. बँकेत तू ड्रायव्हरच्या जागी आहेस, एवढं लक्षात ठेव. पासबुक छापायला, फाइल आणायला शिपायाला हाक मारण्याऐवजी आपणच उठत जा.

आणि ‘मी तर बारीकच आहे, मला कशी साखर’ हे जे लिहिलंस, त्याचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वरून बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात अनेकदा चरबी दडलेली असते आणि स्नायू कमी असतात. साखर वापरणारा शरीरातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे स्नायू, आणि काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनवाचूनही आत घेऊ शकतो. म्हणून तुला वजन उतरवायचं नाही, स्नायू कमवायचे आहेत. उपास करून आणखी सुकू नकोस. डाळ, दही, शेंगदाणे, अंडं चालत असेल तर अंडं, हे ताटात वाढव.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढंच जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या शिफारशीत मोठ्या माणसाला किमान सांगितलं आहे. तुझ्या घरापासून स्टेशन चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि तू रोज रिक्षाने जातेस. जाताना पंधरा, येताना पंधरा, पाच दिवस. झाली दीडशे. वेगळा वेळ काढावाच लागला नाही, रिक्षापेक्षा दहा मिनिटं आधी निघायचं तेवढं. चपला सोडून बूट घाल, साडीवर बूट दिसतात म्हणून लाजू नकोस, डब्याच्या पिशवीत चपला ठेव आणि बँकेत बदल. येताना हिवाळ्यात अंधार पडतो, रस्त्यात कुत्री असतात, हे मला ठाऊक आहे. तुझ्या डब्यातून अपडाऊन करणाऱ्या ज्या बायका जालन्याला उतरतात त्यांना विचार. तिघी-चौघी मिळून मोठ्या रस्त्याने बोलत चालाल तर रिक्षाची आठवणही येणार नाही. आणि रविवारी मुलांना घेऊन मोतीबागेला जा, तळ्याकाठी त्यांना पळू दे.

ताकदीसाठी तुझ्या गच्चीवरची ती वीस मिनिटं. आज रथसप्तमी आहे, तेव्हा रविवारी घरात सांगून झालं की सोमवारपासूनच सुरू कर. सूर्यनमस्कार यासाठी उत्तम, सतरंजीएवढी जागा पुरते आणि पैसा लागत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले. पुढे इंग्रजीत पुस्तक निघून ते परदेशात पोचले. लहानपणी तू शाळेत घालायचीस तसे भराभर घालू नकोस. पहिल्या आठवड्यात चारच घाल, पण सावकाश. खाली वाकताना गुडघे किंचित दुमडले तरी चालेल, पाठीला हिसका नको. अष्टांगात छाती टेकवताना शरीर धप्पकन सोडायचं नाही, हातांवर पेलत न्यायचं, सगळी ताकद तिथेच तयार होते. मग दर आठवड्याला दोन-दोन वाढवत बारापर्यंत जा. त्यानंतर कठड्याला धरून बैठका, दहा-दहाच्या दोन खेपा, आणि भिंतीवर हात टेकून जोर. भिंतीवरचे सोपे झाले की ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर. वीस मिनिटं याहून जास्त मागत नाहीत. महिन्यातल्या अडचणीच्या दिवसांत चालणं सुरू ठेवलं तर हरकत नाही, बाकी शरीराचं ऐक.

नळाला पाणी येतं त्या दिवशी काय, हा तुझा प्रश्न मला फार खरा वाटला. जालन्यात पाणी आलं की सगळं घर त्याच्याच मागे असतं. त्या दिवशी गच्ची विसर, तीन नमस्कार घाल आणि भांडी भर. हंडा-बादल्या उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, उकिडवं बसून पायांच्या जोरावर उठायचं, म्हणजे तेही कामी येईल. राहिलेला व्यायाम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायला जाऊ नकोस. अंग आंबतं, मग चार दिवस सुटतात. होळीनंतर ऊन चढेल, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जाईल. तेव्हा सहाच्या ऐवजी साडेपाच, आणि स्टेशनवरून येताना ऊन असेल तर रिक्षा कर, रात्री चालून घे. लग्नसराईत चुकेलच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर गेलीस म्हणजे झालं.

रात्रीचं चालणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे जेवणानंतर शतपावली घालायची रीत जुनी आहे, आणि जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं तर चढणारी साखर कमी चढते, हे आता तपासण्यांतूनही दिसलं आहे. सासूबाईंना कितीतरी वर्षांची साखर आहे. त्यांना सोबत घे. गुडघे दुखतात म्हणून त्या नाही म्हणतील, तर आधी डॉक्टरांना दाखव, आणि सुरुवात गल्लीच्या टोकापर्यंतच ठेव. एकदा त्यांची साखर थोडी उतरलेली त्यांना स्वतःला दिसली, की घरात तुझ्या बाजूने बोलणाऱ्या पहिल्या त्याच असतील. मालिका दहा मिनिटं उशिरा लागली तरी चालते. भांडी तेवढा वेळ पडून राहिली तरी चालतात, किंवा धाकटी घासेल, तिला हौस आहे.

एक खबरदारी. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ आली, भोवळ आली, तर तिथेच थांब आणि लगेच दवाखान्यात जा, गॅस झाला असेल म्हणून घरी बसू नकोस. सासूबाई साखरेच्या गोळ्या घेतात, तेव्हा चालताना त्यांच्या पदराला साखरेची पुडी असू दे. घाम फुटून हातपाय थरथरले तर साखर उतरली आहे असं समजून लगेच तोंडात टाकायचं.

तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती एचबीएवनसीची तपासणी अक्षय तृतीयेनंतर पुन्हा करून घे, त्याआधी रोज बोटाला टोचत बसू नकोस. रिपोर्ट आला की मला पाठव. मी पाडव्याला जालन्याला येतोय. तेव्हा तुझे नमस्कार बघतो, हातांवरून उतरायचं बरोबर जमतंय की नाही ते. आणि ट्रेडमिलच्या दुकानात बयाणा दिला असेल तर तो परत मागायला जावईबापूंना सांग, जमलं तर त्यातून तुझ्यासाठी आणि सासूबाईंसाठी चांगले बूट घ्या.

सासूबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा