तो मोठा डास नव्हे



पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लावला की त्याच्याभोवती कितीतरी किडे जमतात. त्यांतच एखादा लांब पायांचा किडा भिंतीवर येऊन बसतो. त्याचे अंग बारीक असते आणि पाय दोऱ्यासारखे असतात. तो उडतो तेव्हा जणू धडपडतच उडतो. "अरे बापरे, केवढा मोठा डास!" असे कोणीतरी ओरडते आणि दुसरा लगेच चप्पल उचलतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या वर्गात असेच झाले. एका मुलीने तो किडा पायाला धरून पकडला. पाय तिच्या बोटांत राहिला आणि किडा उडून गेला! ती घाबरली. "सर, मी त्याचा पाय तोडला का?" तिने विचारले. मी म्हणालो, "तू तोडला नाहीस, त्यानेच तो सोडून दिला." पक्ष्याने किंवा कोळ्याने पाय पकडला तर हा किडा पाय देतो आणि जीव वाचवतो. सहा पायांपैकी एक गेला तरी त्याचे काम चालते.

आम्ही त्याला पुन्हा पकडले, काचेच्या बरणीत ठेवले आणि भिंग आणले. भिंग म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला अदसा म्हणता ते. आता प्रश्न एकच होता, हा कोण? या प्रश्नाचे उत्तर पाहिल्याशिवाय देता येत नाही. तुम्हीही माझ्याबरोबर पाहा.

आधी पाय मोजा. कीटकाला सहा पाय असतात. आमच्या पाहुण्याला पाच होते, पण सहावा मुलीच्या हातात होता. म्हणजे हा कीटक. मग पंख मोजा. फुलपाखराला चार पंख असतात, याला दोनच. पंखांच्या मागे आगकाडीच्या टोकासारखे दोन छोटे दांडे दिसतात. उडताना तोल सांभाळण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. दोन पंख आणि हे दोन दांडे ज्यांना असतात, त्यांच्या गणाला द्विपंखी गण म्हणतात. माशी याच गणातली आणि डासही याच गणातला. म्हणजे हा किडा डासाचा दूरचा नातेवाईक आहे, पण तो डास आहे का?

तोंड पाहा. डासाला लांब सोंड असते. मादी डास ती आपल्या कातडीत खुपसते आणि रक्त पिते. या किड्याचे तोंड आखूड आहे. त्याने टोचता येत नाही. तो पाणी किंवा फुलांतला रस पितो, नाहीतर काही खातही नाही. डासाच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात, याचे पंख मात्र स्वच्छ काचेसारखे असतात. आता त्याच्या पाठीकडे पाहा. उर्दूत आपण सातचा आकडा जसा काढतो, तशी एक खाच तेथे दिसते. खाचेचे टोक शेपटीकडे असते. ही खाच म्हणजे या किड्याची सही समजा.

मादीच्या पोटाचे टोक सुईसारखे असते. ती नांगी आहे असे समजून लोक जास्तच घाबरतात. खरे म्हणजे ओल्या मातीत अंडी घालण्याचे ते साधन आहे. नराचे पोट टोकाला बोथट व जाड असते.

इंग्रजीत या किड्याला 'क्रेन फ्लाय' म्हणतात. क्रेन म्हणजे सारस पक्षी आणि फ्लाय म्हणजे माशी. सारसासारखे लांब पाय म्हणून हे नाव. (एका मुलाला इमारतीवरची क्रेन आठवली. तिलाही त्या पक्ष्यावरूनच नाव मिळाले आहे.)

पण 'क्रेन फ्लाय' हे एका किड्याचे नाव नाही, मोठ्या खानदानाचे नाव आहे. जगात त्यांच्या १५,००० हून अधिक जाती माहीत आहेत. येथे 'जाती' हा शब्द शास्त्राचा आहे, माणसांच्या जातीशी त्याचा संबंध जोडू नका. तुमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात जातीला नौअ, प्रजातीला जिन्स आणि कुलाला खानदान म्हणतात.

आपला हजेरीपट आठवा. त्यात आधी आडनाव आणि मग नाव असते. 'शेख' आडनावाची दहा मुले असतील, पण आडनाव आणि नाव मिळून एक मुलगा ठरतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ साली प्राण्यांना अशीच दोन शब्दांची नावे दिली. एका क्रेन फ्लायला त्यांनी 'टिप्युला ओलेरासिया' म्हटले. टिप्युला ही प्रजाती, आडनावासारखी. ओलेरासिया म्हणजे भाजीच्या मळ्यातली.

त्यानंतर ७२ वर्षांनी, १८३० साली, जर्मनीतल्या मायगेन यांनी 'टिप्युला पॅलुडोसा', म्हणजे दलदलीतली, या जातीला नाव दिले. मायगेन हे शाळेत शिकवत असत, हे सांगताना मला जरा बरे वाटते! या दोन जाती इतक्या सारख्या आहेत की नुसत्या डोळ्यांनी पाहणारा फसतोच. फरक कोठे आहे? ओलेरासियाच्या मिशीला १३ पेरे असतात आणि पॅलुडोसाच्या मिशीला १४. पॅलुडोसाच्या मादीचे पंख पोटापेक्षा आखूड असतात. ओलेरासियाच्या मादीचे पंख पोटाच्या टोकापर्यंत किंवा त्यापुढेही जातात.

एका पेराने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. युरोपातल्या शेतकऱ्याला विचारा! मोठी क्रेन फ्लाय कोणाचे नुकसान करत नाही, पण या दोन जातींच्या अळ्या जमिनीत राहून गवताची व पिकांची मुळे खातात. त्यांची कातडी चिवट असते, म्हणून इंग्रज त्यांना 'लेदरजॅकेट', म्हणजे चामड्याचा कोट, म्हणतात. पॅलुडोसा वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या शेवटी, जमिनीतून बाहेर येते. ओलेरासिया वसंत ऋतूतही येते आणि पुन्हा शरदातही येते. नाव चुकले तर औषधाची वेळ चुकते आणि खर्च मातीत जातो.

क्रिकेट आवडणाऱ्यांनी हेही ऐकावे. १९३५ साली लंडनच्या प्रसिद्ध लॉर्ड्स मैदानावर या अळ्यांनी गवताची मुळे खाल्ली. मैदान जागोजागी उघडे पडले आणि चेंडू खूप वळू लागला. दक्षिण आफ्रिकेचे फिरकी गोलंदाज बालास्कस यांनी त्या कसोटीत नऊ बळी घेतले. दक्षिण आफ्रिकेने सामना १५७ धावांनी जिंकला. इंग्लंडच्या भूमीवरचा तो त्यांचा पहिला कसोटी विजय होता. श्रेय बालास्कस यांचेच, पण थोडे अळ्यांनाही द्यायला हवे.

आपल्या देशातल्या क्रेन फ्लायची ओळख कोणी करून दिली? कोलकात्यात एनरिको ब्रुनेटी नावाचे गृहस्थ राहत होते. ते संगीतकार होते आणि माश्यांचा अभ्यासही करत. १९१२ साली भारतातल्या अशा किड्यांवर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. पुढे अमेरिकेतले चार्ल्स अलेक्झांडर (१८८९–१९८१) यांनी तर आयुष्यच या किड्यांना दिले. त्यांनी एकट्याने सुमारे ११,००० जातींची वर्णने लिहिली. पंखांच्या शिरा कशा जातात आणि नराच्या पोटाचे टोक कसे आहे, हे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. जात ठरवायची तर बहुतेक वेळा हेच पाहावे लागते. अभ्यास वाढला तसे शास्त्रज्ञांचे मतही बदलले. पूर्वी सगळ्या क्रेन फ्लाय एकाच कुलात धरत. आता पुष्कळ शास्त्रज्ञ त्यांची चार कुले मानतात.

आमच्या बरणीतल्या किड्याच्या तोंडाजवळ दोन लहान सोंडा होत्या. त्यांचे शेवटचे पेर चाबकासारखे लांब होते. ही टिप्युलिडी कुलाची खूण. पुढे जाण्यासाठी आमच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. मुले म्हणाली, "सर, काहीतरी नाव लिहून टाकू." मी नको म्हणालो. त्या मुलीने वहीत लिहिले : "गण – द्विपंखी. कुल – टिप्युलिडी. जाती – माहीत नाही. मादी. पाय पाच." मग आम्ही बरणी खिडकीत नेऊन उघडली.

त्याच दिवशी शाळेमागच्या उघड्या पिंपात आम्हांला डासांच्या खऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप मुलांनीच रिकामे केले.

स्वाध्याय

१. किडा डास नाही, हे मुलांनी कशावरून ओळखले?
२. ओलेरासिया व पॅलुडोसा यांच्या मिशीत आणि मादीच्या पंखांत कोणता फरक आहे?
३. 'काहीतरी नाव लिहून टाकू' या म्हणण्याला सरांनी नकार का दिला असेल?
४. अनेकवचन लिहा : माशी, अळी, किडा, पेर, सोंड.
५. दिव्याजवळ आलेला एक किडा पाहा. त्याचे पाय व पंख मोजून पाच वाक्ये लिहा.