विकिरण केंद्रातला कन्व्हेयर आणि मावळातून जाणारा खोका

विकिरण केंद्रातला कन्व्हेयर माल नुसता इकडून तिकडे नेत नाही. मालाला किरणांची किती मात्रा मिळायची हे तोच ठरवतो. कोबाल्ट-६० हा स्रोत बटण दाबून बंद होत नाही, मंदही करता येत नाही. काम थांबवायचे असेल तर कोबाल्टच्या कांड्यांची चौकट साधारण सहा मीटर खोल पाण्याच्या टाकीत उतरवतात, पुन्हा सुरू करताना वर घेतात. त्यामुळे मात्रा कमी-जास्त करण्याचा एकच मार्ग उरतो : माल त्या चौकटीसमोर किती वेळ राहतो. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात २००२ पासून कांद्यावर प्रक्रिया होते. कोंब रोखण्यासाठी कांद्याला सुमारे ६० ग्रे (शोषलेल्या मात्रेचे एकक) पुरतात. २००७ पासून तेथूनच अमेरिकेला जाऊ लागलेल्या आंब्याला किमान ४०० ग्रे लागतात. मसाल्यांतील जंतू कमी करायला ६ ते १४ किलोग्रे लागतात. ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जाते, तिथली रूढ मात्रा २५ किलोग्रे. कांदा आणि शस्त्रक्रियेचे साहित्य यांच्या मात्रेत चारशे पटींहून अधिक अंतर आहे. केंद्र निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच भाड्याचा नसतो. आपल्या मात्रेसाठी ते बांधलेले आहे का, हा असतो.

मावळातल्या उद्योजकाला घाट उतरून वाशी गाठणे सोयीचे पडते. तेथे मसाल्यांसाठी अणुऊर्जा विभागाच्या ब्रिटचे केंद्र २००० पासून आहे आणि राज्य कृषी पणन मंडळाचे विकिरण सुविधा केंद्रही आहे.

केंद्रात उतरलेले खोके धातूच्या मोठ्या पेट्यांत, म्हणजे टोटमध्ये, भरतात किंवा वरून टांगलेल्या वाहकांत ठेवतात. जाड काँक्रीटच्या नागमोडी बोळातून पेट्या आत जातात आणि स्रोताच्या दोन्ही अंगांनी, अनेक केंद्रांत वरच्या आणि खालच्या अशा दोन थरांत, एकेक जागा पुढे सरकतात. बऱ्याच केंद्रांत ही चाल सलग नसते. दाबाच्या हवेवर चालणारा दट्ट्या सगळी रांग एक घर पुढे ढकलतो, पेट्या ठरलेला वेळ उभ्या राहतात, पुन्हा ढकलल्या जातात. दोन्ही कुशींना सारखी मात्रा मिळावी म्हणून प्रत्येक पेटीच्या दोन्ही बाजू स्रोतासमोरून जातात. रबर, पुष्कळसे प्लॅस्टिक आणि साधे ग्रीस किरणांखाली लवकर खराब होते, टेफ्लॉन तर फारच लवकर. हवेत तयार होणारा ओझोन गंज वाढवतो. त्यामुळे मोटारी शक्यतो भिंतीबाहेर ठेवतात आणि आत धातूचे साधे, दणकट भाग.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे. म्हणजे दरमहा सुमारे १ टक्का तीव्रता घटते आणि तेवढाच थांबण्याचा वेळ वाढवावा लागतो. गेल्या हंगामात खेप किती तासांत सुटली होती, यावर या हंगामातल्या गाडीचे वेळापत्रक बांधू नये. मधे नवा कोबाल्ट भरला असेल तर वेळ कमीही होतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो घनतेचा. किरण पेटीच्या बाहेरच्या थरात जास्त मुरतात, मधल्या भागात कमी पोचतात. किमान मात्रा त्या मधल्या भागाला मिळाली पाहिजे आणि कमाल मात्रा बाहेरच्या थराने ओलांडता कामा नये. माल जितका जड आणि दाबून भरलेला, तितकी ही दोन टोके लांब जातात. केंद्रवाले मात्रामापक ठेवून पेटीचा नकाशा काढतात. तो त्या वजनाच्या, त्या मापाच्या, त्याच रचनेच्या खोक्यापुरताच खरा असतो. खोक्यात दोन किलो वाढवले की नकाशा जुना झाला. शिवाय रांगेतल्या सगळ्या पेट्यांचा थांबण्याचा वेळ एकच असतो. हळदीच्या मागे हलका पुदिना लावला तर पुदिन्याला गरजेपेक्षा अधिक मात्रा बसते. म्हणून केंद्र सारख्या घनतेच्या मालाची जोडी जमेपर्यंत खेप थांबवून ठेवते. गाडीवाला ताटकळतो, फोनवर आवाज चढतात, पण यात केंद्राचा आळस शोधू नये.

मावळातला खरा शत्रू पाऊस. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पन्हाळी पुठ्ठा ती ओल घरबसल्या पितो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातली एक खेप आषाढात निघाली. खोके गोदामात मापात होते, पण ओल धरून खालच्या ओळीतल्यांची पोटे सुटली होती. ते पेटीत बसेनात; दाराशीच उघडून नव्या खोक्यांत भरावे लागले, वजन बदलल्याने नव्या मापनाची गरज पडली आणि ठरलेली पाळी हुकली. तेव्हापासून ती खेप पाठवणाऱ्या उद्योजकाकडे पाच पदरी खोका, आत जाड पिशवी, थप्पीखाली लाकडी पॅलेट आणि वरून ताडपत्री हा नेम आहे. खोक्याचे बाहेरचे माप केंद्राच्या पेटीत नीट बसेल का, हे आधीच विचारून घ्यावे. थोडी मोकळी जागा चालते, फुगवटा मुळीच नाही.

फुगवट्याने होणारे नुकसान पैशापुरते नसते. एल साल्वाडोरमध्ये ५ फेब्रुवारी १९८९ रोजी बिघडलेल्या पेट्यांमुळे स्रोताची चौकट अडकली. तिघे कर्मचारी आत गेले, त्यांतला एक मरण पावला. इस्रायलमधील सोरेक येथे २१ जून १९९० रोजी खोके अडकल्याने चौकट खाली उतरली नाही. फलक ‘स्रोत खाली’ दाखवत होता आणि किरणमापक धोक्याची सूचना देत होता. कर्मचाऱ्याने फलकावर विश्वास ठेवला. तो वाचला नाही. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर १९९१ रोजी, बेलारूसमधील नेस्विझ येथेही कन्व्हेयर अडकल्यावर आत गेलेल्या माणसाचा जीव गेला. चांगल्या केंद्रात कन्व्हेयर अडकताच स्रोत आपोआप पाण्यात उतरतो आणि दार उघडत नाही. अशा वेळी माल पाठवणाऱ्याने घाई करू नये, ‘लवकर सोडवा’ असे तर मुळीच म्हणू नये.

परत आलेल्या मालावर प्रक्रिया झाली आहे का, हे बाहेरून ओळखता येत नाही. खोक्यावरचा रंग बदलणारा ठिपका किरण लागल्याचे सांगतो, किती लागले ते नाही. उन्हाने किंवा उष्णतेनेही काही ठिपके बदलतात. म्हणून केंद्रात प्रक्रिया झालेला आणि न झालेला माल कुंपणाने वेगळा ठेवतात. आपल्या गोदामातही तसेच करावे, कारण एकदा विकिरण झालेले अन्न खास परवानगीशिवाय पुन्हा विकिरित करता येत नाही. प्रमाणपत्रात खेपेचा क्रमांक, तारीख आणि मोजलेली किमान-कमाल मात्रा असावी. अन्नपदार्थ असेल तर विक्रीच्या वेष्टनावर विकिरणाची खूण आणि प्रक्रियेची तारीख छापावी लागते. ती जागा मूळ छपाईतच राखून ठेवावी, नंतर चिकटवलेली पट्टी घाटातल्या दमट हवेत सुटते.