चिचोक्यांचा हिशेब

"सर, हे पोट्टं दिवसभर चिचोकेच घासते. असं खेयून पुढं काही कामी येते का?"

जऊळक्यातली, ऐन उन्हाळ्यातली दुपार. ओसरीत चिंचांचा ढीग, आणि ती माउली चिंच फोडत बसलेली. तिचं पोरगं त्यातलेच दोन टपोरे चिचोके पायरीच्या दगडावर घासत होतं. कड झिजली की चिचोका मधोमध उकलतो, आतून पांढरा, बाहेरून काळपट. दोन चिचोक्यांची चार भकलं झाली. कोळशानं पंचवीस घरं आखून झाली आणि अष्टाचंग सुरू.

मी लगेच 'हो' म्हणालो नाही. म्हणायचा मला अधिकारही नाही. शिकवत होतो तेव्हा मुलांच्या खिशातल्या गोट्या मीच काढून घ्यायचो. टेबलाच्या खणात डबाभर साठल्या होत्या.

पण त्या दिवशी नुसता बघत बसलो. पोरगं सोंगटी पुढे नेताना आधी मागे बघायचं. शेजारच्या पोराची सोंगटी बरोबर दोन घरं मागे असेल, तर तिथं थांबायचंच नाही. विचारलं, का रे? म्हणालं, "दोन लई येते." आता हिशेब करून पाहा. चार भकलं, प्रत्येक पांढरं पडेल किंवा काळं, म्हणजे सोळा तऱ्हा. त्यांतल्या सहा तऱ्हांत दोन पडतात, चारांत एक, चारांत तीन. चारही पांढरी म्हणजे चंग, तो सोळात एकदा. चारही काळी म्हणजे अष्ट, तोही एकदाच. भकल दोन्ही अंगांनी सारखं पडतं असं धरलं, तर पोराचं म्हणणं तंतोतंत खरं. 'संभाव्यता' हा शब्द पुस्तकात भेटायला त्याला अजून काही वर्षं आहेत.

तेव्हा काय, खेळू द्या आणि पोर आपोआप गणितात पुढे? इथंच जरा थांबा, आईबाबांनो. असं सांगणारे पुष्कळ भेटतील, मला ते पटत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं तपासली. 2025 साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. किलोचे भाव, सुट्टे पैसे, सगळं ही मुलं तोंडी चोख करत होती, आणि तसाच हिशेब शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडून दिला की अडत होती. शाळेत शिकणाऱ्यांचं उलटं, कागदावरचं जमे, बाजारातलं जमेना. अंगात असलेलं आपसूक वहीत उतरत नाही. मधे कुणीतरी साकव घालावा लागतो.

आणि तो साकव किती साधा असतो, तेही ऐका. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या पट्टीवर खेळायला बसवलं. पंधरा-वीस मिनिटांच्या जेमतेम चार बैठका. मुलांची आकड्यांची समज वाढली. दुसऱ्या गटाचा खेळ तोच, फक्त पट्टीवर आकड्यांच्या जागी रंग. त्यांच्यात तसा फरक पडला नाही. पुढे असंही दिसलं, की मोजायची रीत महत्त्वाची. सोंगटी तीनवर आहे आणि दोन पडले, तर 'एक, दोन' नव्हे, 'चार, पाच' म्हणत सरकायचं. सापशिडी घरात असेलच. आज रात्री एवढंच बदलून बघा.

चिचोका म्हणजे गरिबाची सोय, असं मात्र मनात आणू नका. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत बालवाडी काढली, तेव्हा माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पानं, खडेच हाती घेतले. 2023 मध्ये एनसीईआरटीनं लहान मुलांसाठी खेळण्यांचा 'जादुई पिटारा' काढला. चांगलं झालं. तुमचा पिटारा चिंचेखाली पडलेला आहे, एवढंच.

आता भांडणं. तुम्हाला त्यांचाच जास्त वैताग, माहीत आहे मला. "भकल उभं राह्यलं, पुन्हा टाक!" "नाही, धरलं!" असा अर्धा तास जातो आणि तुम्ही आतून ओरडता, बंद करा रे तो खेळ. ओरडू नका. ज्याँ पियाजेनं स्वित्झर्लंडच्या पोरांचा गोट्यांचा खेळ बसून पाहिला, त्यांना नियम विचारले. 1932 सालच्या त्याच्या पुस्तकात ते आहे. लहान पोरांना नियम म्हणजे मोठ्यांकडून आलेला, हात न लावायचा कायदा वाटे. खेळता खेळता मोठी झाली, की कळे, नियम आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचा असतो, बदलताही येतो. मोबाइलच्या खेळात हे होत नाही. तिथं उभ्या भकलाचा वादच नाही, यंत्र सांगेल ते मुकाट ऐकायचं. आणि हरलं, की पुन्हा बटण दाबायचं. समोर चिडवणारा मित्र नाही, की दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच जाऊन 'येतं का खेळायला' म्हणायची पाळी नाही.

एक विनंती मात्र आहे. साकव घाला म्हणालो म्हणून डावाची शिकवणी करू नका. "सांग बरं, पाच आणि तीन किती?" असं तीनदा विचारलंत, की पोरगं उठून जाईल. जावंच त्यानं.

हे सगळं त्या माउलीला मी एवढं लांबण लावून सांगितलं नाही. म्हटलं, एक डाव तुम्हीच टाका. तिनं चिंचेचे हात पदराला पुसले, भकलं मुठीत खुळखुळवली आणि फेकली. दोन. "पाच, सहा," म्हणत तिनं सोंगटी सरकवली. पोरानं तीन टाकले आणि टाळी पिटली.

"आई, तुही मेली!"

तिनं ढिगाकडे एकदा पाहिलं. मग चिंचेची पाटी बाजूला सारली. "मांड पुन्हा," म्हणाली.