जागा आणि नाते : सर्किट बोर्डावरील घटकांच्या मांडणीचा अभ्यास

मोबाइल, वीजमीटर, दवाखान्यातील रक्तदाब मोजण्याचे यंत्र, यांपैकी कोणतेही उपकरण उघडले तर आत बहुधा हिरव्या रंगाचा एक फलक आढळतो. त्यावर तांब्याच्या बारीक रेघा आणि त्या रेघांना सोल्डरने जोडलेले लहानमोठे घटक असतात. यालाच मुद्रित सर्किट बोर्ड, व्यवहारात पीसीबी, म्हणतात. या फलकावर घटकांना जागा कशी द्यावी, त्यासाठीच्या संगणकीय साधनांत कोणत्या सुधारणा झाल्या आणि त्यांच्याशी आपला संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

पूर्वपीठिका

मुद्रित सर्किटाच्या इतिहासात पॉल आइसलर यांचे नाव अग्रक्रमाने येते. त्यांचा जन्म १९०७ साली व्हिएन्नात झाला. अभियंत्याची पदवी हाती असूनही ज्यू म्हणून मायदेशात काम मिळणे त्यांना दुरापास्त झाले. १९३६ साली ते इंग्लंडला गेले. छपाईच्या तंत्राची त्यांना जाण होती. तारांच्या गुंत्याऐवजी तांब्याच्या छापील रेघांवर चालणारा रेडिओ त्यांनी तयार केला. युद्धकाळात त्यांना परकीय म्हणून काही काळ स्थानबद्धही व्हावे लागले. तरीही १९४३ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज दाखल केला. बुद्धी असूनही केवळ जन्मामुळे ज्यांना कामापासून दूर ठेवले गेले, त्या आपल्या समाजाला या चरित्राचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे अनेक वर्षे बोर्डाचा आराखडा हातानेच होत असे. पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या लावून मूळ आकाराच्या दुप्पट किंवा चौपट नकाशा तयार करीत आणि छायाचित्राने तो लहान करीत. एक घटक हलवायचा झाला तर त्याच्या साऱ्या पट्ट्या उचकटाव्या लागत. संगणकाने हे कष्ट वाचवले. परंतु जागा कोठे द्यायची, हा विचार वाचवला नाही.

मांडणीची तत्त्वे

प्रत्येक परिणामामागे कारण असते, ही तथागतांची शिकवण या फलकावर अक्षरशः पडताळून पाहता येते. चार उदाहरणे घेऊ.

पहिले, आयसीला क्षणार्धात लागणारी वीज पुरवणारा छोटा कपॅसिटर तिच्या वीजपिनेला लगटून ठेवावा. तो दूर गेला तर लांब रेघ त्या क्षणिक प्रवाहाला अडथळा करते आणि आयसीचे काम बिघडू शकते. दुसरे, तापणाऱ्या घटकाशेजारी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ठेवू नये. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. तिसरे, घरगुती विजेचा उच्च दाब आणि बटणांकडे जाणारा अल्प दाब यांत पुरेसे अंतर राखावे. येथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. चौथे, बाहेरून वायर जोडण्याचे कनेक्टर फलकाच्या कडेला असावेत.

म्हणजेच कोणत्याही घटकाची जागा त्याच्या किमतीवरून वा आकाराच्या मोठेपणावरून ठरत नाही. इतरांशी असलेल्या त्याच्या नात्यावरून आणि कार्यावरून ठरते.

संगणकाची मदत आणि मर्यादा

१० घटक १० जागांवर ३६,२८,८०० प्रकारे मांडता येतात. २० घटकांसाठी ही संख्या १९ अंकी होते. सेकंदाला १० लाख मांडण्या तपासणाऱ्या यंत्रालाही त्या सर्व तपासण्यास सुमारे ७७ हजार वर्षे लागतील. म्हणून सर्व शक्यता न तपासता चांगली मांडणी शोधण्याच्या युक्त्या निघाल्या. लोहार पोलाद लाल तापवून राखेत सावकाश निवू देतो, तेव्हा त्यातील ताण निघून जातात. याच कल्पनेवर आधारलेली गणिती पद्धत १९८३ साली कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेक्ची यांनी मांडली. तीत आरंभी घटकांची अदलाबदल मोकळेपणाने होते, मांडणी तात्पुरती बिघडली तरी चालते. पुढे हळूहळू ही मोकळीक कमी केली जाते.

परंतु यंत्र जे मोजायला सांगितले तेच मोजते. रेघांची लांबी कमी करा म्हटले तर ती कमी करील. दुरुस्ती करणाऱ्याचा हात कोठे पोहोचेल, हे सांगितल्याखेरीज त्याला उमगणार नाही. त्यामुळे माणसाला निर्णय घेणे सुलभ करणाऱ्या सुधारणाच अधिक उपयुक्त ठरल्या आहेत.

किकॅड या सॉफ्टवेअरचे उदाहरण पाहू. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील अध्यापक ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली त्याचा आरंभ केला. २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेनेही त्याच्या विकासास हातभार लावला. त्यात सर्किटाच्या आकृतीतील घटक निवडला की बोर्डावरचा तोच घटक उजळतो. घटक सरकवताना त्याच्या जोडण्या दाखवणाऱ्या बारीक रेषा त्याच्यासोबत सरकतात. त्या कोठे गुंततात हे तत्काळ दिसते. प्रत्येक घटकाभोवती हद्द आखलेली असते आणि दोन हद्दी एकमेकींवर आल्या की दोष दाखवला जातो. २०२५ मधील नवव्या आवृत्तीत, एकसारखे अनेक विभाग असल्यास एकाची मांडणी इतरांना लागू करण्याची सोय आली.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

संगणक नसला तरी हा धडा करता येतो. ५५५ टायमर आयसीवर लुकलुकणाऱ्या एलईडीचे सर्किट घ्यावे : एक आयसी, तीन रेझिस्टर, तीन कपॅसिटर, एक एलईडी आणि एक कनेक्टर. या नऊ घटकांचे पुठ्ठ्याचे तुकडे चौकटीच्या कागदावर ठेवून जोडण्यांच्या जागी दोरे लावावेत. दोरे किती ठिकाणी एकमेकांना ओलांडतात ते मोजावे. मग आयसी ९० अंशांत फिरवून पुन्हा मोजावे. आपली मांडणी का निवडली, हे शेवटी दोन वाक्यांत लिहावे. ही दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची. कारण कोणी सांगितले म्हणून मान्य करू नये, स्वतः पडताळून पाहावे, हा उपदेश बुद्धांनी कालामांना केला. तो संगणकाच्या उत्तरालाही लागू आहे.

आपला संबंध

१९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी सरकारला सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी अर्थसाहाय्याची मागणी केली होती. पदवीबरोबरच यंत्रविद्याही आपल्या हाती आली पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती. आज किकॅड विनामूल्य मिळते. त्याचा मूळ संगणकीय मजकूर कोणालाही वाचता येतो, सुधारणा सुचवता येते, स्वतः करूनही देता येते. परवान्याच्या किमतीने अडवलेले एक दार उघडे आहे. मात्र उघड्या दारातून आत जाण्यासाठी संगणक, वीज, वेळ आणि समजावून सांगणारे माणूस लागते. तंत्रक्षेत्रात नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीतील एक दिवस शाळेतील मुलांना द्यावा आणि पालकांनी मुलींनाही या शिक्षणापासून दूर ठेवू नये, अशी आमची विनंती आहे.

इतरांनी घडवलेली साधने वापरणे ही पहिली पायरी होय. ती साधने घडवणाऱ्यांत, सुधारणाऱ्यांत आपली मुले असावीत, ही पुढची. त्या पायरीवर आपल्या शाळेचे पाऊल लवकर पडो, ही मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!